टिकलीपण निजली

धाकट्या दिराचं लग्न पार पडलं आणि घरात उरले कागदी पेले, कुणाचीच नसलेली एक प्लास्टिकची खुर्ची आणि फटाके. पेले उपयोगी पडले, खुर्ची गॅलरीत रुळली. फटाक्यांचं मात्र काय करायचं ते कळेना. ऐन वेळी वारा सुटला म्हणून हॉलवाल्याने अर्धेअधिक उडवूच दिले नव्हते.

"आणलेस तरी किती रे!" टिकलीची आई पिशवीत डोकावत म्हणाली. "लग्न करायचं होतं की किल्ला जिंकायचा होता?"

"वहिनी, लग्न काय रोज रोज होतं का?"

"हे तुझ्या बायकोला सांग, तिला हायसं वाटेल."

दीर हसला. टिकलीचा तो लाडका काका. 'टिकली' हे नावही त्यानेच ठेवलेलं. पोरगी एवढीशी, वाटाण्यासारखी, पण जरा कुठे टेकवली की फाट्कन फुटायची, पिस्तुलातल्या टिकलीसारखी. खरं नाव शाळेच्या दप्तरावर होतं, तोंडात कुणाच्या नव्हतं.

"ठेवा आता. हिच्या वाढदिवसाला उडवू," काका म्हणाला, टिकलीचा गालगुच्चा घेतला आणि पिशवी वहिनीच्या गळ्यात मारून निघून गेला.

दुसऱ्या कुठल्या घरी ती पिशवी पलंगाखाली सरकवली असती. टिकलीच्या आईला ते जमण्यासारखं नव्हतं. विमा कंपनीसाठी जळिताची पाहणी करणं हे तिचं काम. कुठे आग लागली की विझवणारे येऊन जात, रडणारे रडून घेत, आणि सगळं थंडगार झालं की ही रबरी बूट घालून आत शिरायची. आग कुठल्या कोपऱ्यातून उठली, कशामुळे उठली, ते राख चाळून सांगायची. ऑफिसात तिला राखबाई म्हणत. त्याचा तिला राग नव्हता. पलंगाखाली ठेवलेल्या अशाच एखाद्या पिशवीमुळे राख झालेली घरं तिने पाहिली होती. त्या घरांतल्या खेळण्यांची प्लास्टिकची तोंडं वितळून कशी सगळी एकसारखी होतात, तेही तिने पाहिलं होतं. घरी येऊन ती ते कुणाला सांगत नसे.

तेव्हा फटाके ठेवायचे तर रीतसर. तिने बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा धुऊन, पुसून, दोन दिवस उन्हात वाळवला. आत जाड पुठ्ठ्याचं अस्तर घातलं. मागची खोली ठरवली, कारण तिथे ऊन येत नव्हतं, ती स्वयंपाकघरापासून लांब होती आणि कपाटाच्या भिंतीतून वायर जात नव्हती. थंड जागा. कोरडी. आगीपासून लांब. मुलांच्या हाती लागणार नाही अशी. हे चारही नियम ती ऑफिसच्या पत्रकांतून लोकांना इतक्यांदा वाचून दाखवायची की आता पाढ्यासारखे तोंडात बसले होते.

टिकली शेजारी फतकल मारून बसली होती. तिचे हात शिवशिवत होते.

"मला दे ना एक."

इथे टिकलीच्या आईची एक लकब सांगायला हवी. ती मुलीला 'नाही' म्हणत नसे. 'नाही' म्हटलं की टिकली फुटलीच. म्हणून या घरात वस्तू संपत नसत, बंद होत नसत, मिळेनाशा होत नसत. त्या निजत. टीव्ही निजायचा. गोळ्यांची बरणी निजायची. बागेतला झोपाळा अंधार पडला की निजायचा. आणि निजलेल्याला उठवायचं नाही हे टिकलीला मान्य होतं. ती लगेच आवाज खाली आणायची.

"ते निजलेत," आई म्हणाली.

टिकली वाकली आणि कुजबुजत म्हणाली, "सगळे?"

"सगळे. हे भुईनळे निजले. या फुलबाज्या निजल्या. ही माळ निजली, बघ कशी लांबच लांब पसरलीय." आईने फटाक्यांची माळ डब्यात अलगद गुंडाळून ठेवली. तळाशी खेळण्यातल्या पिस्तुलाच्या टिकल्यांची एक चपटी डबी होती.

"आणि हे?"

"या टिकल्या."

मुलीचे डोळे मोठे झाले. "टिकलीपण?"

आईला हसू आलं. दिवसभराचा शीण होता, ऊन कलत आलं होतं, आणि मुलीचं ते कपाळावर आठ्या घातलेलं तोंड इतकं गोड दिसत होतं की तिने त्यावर ओठ टेकले.

"हो गं माझे बाई. टिकलीपण निजली."

तिने झाकण दाबून बसवलं, डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली.

*

सुरुवातीला सगळं चांगलंच झालं म्हणायचं. टिकली फुटेनाशी झाली.

शाळेतून आली की ती गुपचूप मागच्या खोलीत जाऊन बसायची. कपाटाला पाठ टेकून एक सूर गुणगुणायची. त्याला शब्द नव्हते. टिकली तान्ही असताना आई तोच सूर लावून तिला थोपटायची. पोर शहाणी झाली म्हणून बाबाही खूश. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर अडकलेल्या माणसांची बोलणी खाऊन घरी आल्यावर त्यांना शांतता लागायची.

"कुणाला निजवतेस गं?" आईने विचारलं.

"तिला. एकटीला भीती वाटते."

आईला वाटलं, माळेबद्दल बोलतेय. माळ ती. व्याकरणाला धरूनच होतं.

मग वास आला. टिकलीचे केस विंचरताना आईच्या नाकाला तो टोचला. शाम्पूच्या खालून येणारा, धातूसारखा, विझलेल्या काडीचा वास. असा वास ती कामावरून स्वतःच्या कपड्यांत घेऊन येई, म्हणून तिने स्वतःलाच दोष दिला आणि ऑफिसचे कपडे वेगळे धुवायला लागली. वास गेला नाही.

एकदा कपाटातून चादर काढताना तिचं मनगट डब्याला लागलं. डबा ऊन होता.

तिने हात काढून घेतला, परत ठेवला. चटका बसावा असा नव्हता. नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंथरुणात हात घातला की लागते, तशी ऊब. तिने भिंत चाचपली. भिंत गार होती. फळी गार होती. एवढा डबाच तेवढा.

"पलीकडे शेजाऱ्यांचा पाण्याचा हीटर असेल," बाबा म्हणाले.

"पलीकडे काही नाहीये. ही बाहेरची भिंत आहे."

बाबांनी डब्यावर पंजा ठेवला. जरा वेळ ठेवला. मग तो पँटला पुसला, आणि तो तसा का पुसला हे त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. "असेल गं काहीतरी," ते म्हणाले, आणि जेवायला काय आहे असं विचारत बाहेर गेले.

टिकलीच्या आईचा 'असेल काहीतरी'वर विश्वास नव्हता. ते 'काहीतरी' शोधून काढण्यावरच तिचं पोट चालत होतं. तिने टिकलीचा तापमापक आणला आणि डब्याच्या अंगाला चिकटवून धरला. त्याने जो आकडा दाखवला तो तिला पाठ होता. ताप उतरून मूल बरं झालं की तो आकडा पाहून आया देवाचे आभार मानतात.

तिने डबा खाली घेतला आणि उघडला.

टिकल्यांची डबी रिकामी होती. डबीवरची कागदी पट्टी तशीच चिकटलेली, कुठे फाटलेली नाही. हलवली तर आत काही वाजलं नाही.

आणि माळेच्या वाती वाढल्या होत्या.

एकेका फटाक्याची बोटाच्या पेराएवढी वात आता वीतभर झाली होती. करड्या, बारीक, सळसळीत. आणि त्या सगळ्या मोकळ्या नव्हत्या, त्यांची वेणी घातलेली होती. तीन पेडांची, घट्ट, सफाईदार. टिकलीला रबर टोचतं, म्हणून आई तिच्या वेणीच्या टोकाला केसांचीच एक उलटी गाठ मारायची. तिची स्वतःची युक्ती होती ती, कुणाला शिकवलेली नव्हती. माळेच्या वेणीला तीच गाठ होती.

दारात टिकली उभी होती.

"ही वेणी कुणी घातली?" आईने जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"तू."

"मी कधी गं?"

"दुपारी. मी हाक मारली तर तू बोललीच नाहीस." टिकलीने खालचा ओठ पुढे काढला. "माझी घाल म्हटलं, तर तिचीच घातलीस आधी."

आईचा हात गळ्याशी गेला. किल्ली जागेवर होती.

*

तिने दुसऱ्या दिवशी रजा टाकली. फटाके कचऱ्यात टाकायचे नसतात, जाळायचे तर नसतातच. बादलीभर पाण्यात पूर्ण बुडवायचे, चांगले भिजू द्यायचे आणि लगदा झाला की पिशवीत बांधून द्यायचे. एकदा भिजली की दारू मेली, असं तीच लोकांना सांगायची.

दुपारी टिकली आतल्या पलंगावर झोपली होती. आईने न्हाणीघरात बादली भरली. भुईनळे टाकले, ते बुडबुडे सोडत तळाशी गेले. फुलबाज्या गेल्या. पाणी काळपट झालं. तिला जरा बरं वाटलं. हे तिला येत होतं, हे तिचं काम होतं.

माळ बुडेना.

ती वर पसरून तरंगत राहिली, वेणी पाण्यावर मोकळी सोडलेली. आईने तिला उजव्या हाताने खाली दाबलं. डावा हात आपसूक खालून गेला, आणि आपण तिला कसं धरलंय हे तिच्या लक्षात आलं. एक तळवा मानेखाली, एक छातीवर. तान्ह्या मुलाला पहिल्यांदा न्हाऊ घालताना धरतात तसं.

आतून खोकला ऐकू आला.

सर्दी असेल, असं तिने मनाशी म्हटलं. तिने आणखी दाबलं.

खोकला पुन्हा आला, ओला, घुसमटलेला. मग तो मध्येच तुटला.

माळ तशीच टाकून ती धावली. टिकली पलंगावर उठून बसली होती. तोंड उघडं, डोळे ताठ, आणि आवाज नाही. ओठांना शाई लागल्यासारखा रंग. आईने तिला उचलून पालथं घेतलं, पाठीवर थापट्या मारल्या, काय काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही. एकाएकी टिकलीने मोठ्ठा श्वास घेतला आणि रडायला लागली. आईने तिला छातीशी धरून डोक्यावरून हात फिरवला.

टिकलीचे केस मुळापर्यंत भिजलेले होते. उशी कोरडी होती.

तिला कडेवर घेऊनच आई न्हाणीघरात आली. तिचा हात निघाल्यावर माळ आपोआप वर आली होती आणि शांत तरंगत होती.

आई पाहणी करणारी होती. एकाच गोष्टीवरून ती कधी निष्कर्ष काढत नसे. खात्री करायची तर पुन्हा एकदा बोट लावून दाबून बघायला हवं होतं, नुसतं बोट.

तिने नाही दाबलं. तिने माळ उचलली आणि टिकलीच्याच पंच्यात गुंडाळून कोरडी केली.

*

माळ वाळली ती पोकळ होऊन. वाती गळून गेल्या होत्या. आईने एक फटाका नखाने उकलला. आत नुसता कागद, दारूचा कणही नाही. तिने दुसरा उकलला, मग सगळे. डबाही गार पडला होता. बाबांनी ते कागद कचऱ्यात नेऊन टाकले आणि म्हणाले, "सुटलीस ना आता? दे टाळी."

तिने टाळी दिली. हसलीही. त्या संध्याकाळी ती जेवली पोटभर.

सकाळी केस विंचरताना फणी अडली. टिकलीच्या मानेवरच्या केसांत एक बट वेगळी लागत होती, ताठ आणि करडी. बोटांत धरली तर खरखरीत. फणीच्या दातांत काळी भुकटी अडकली होती. आईने ती चिमटीत चोळली. ही भुकटी ओळखायला तिला ना चष्मा लागत होता, ना प्रयोगशाळा.

तरीही ती खात्री करायला गेली. सवयच ती. चिमूटभर भुकटी घेऊन गॅलरीत आली, स्टीलच्या ताटलीत ठेवली आणि जळती काडी टेकवली.

फस्स झालं. पांढरा उजेड, आणि संपलं.

"आई गं!" आतून टिकली किंचाळली. "चटका!"

तिच्या करंगळीच्या टोकावर इवलासा फोड आला होता.

त्या दिवसापासून घरातला गॅस निजला. आईने सांगितलं, वास येतोय, कुठेतरी गळतोय, आपण विजेच्या शेगडीवर करू. काड्यापेट्या निजल्या. बाबा गॅलरीत लपून एखादी सिगरेट ओढत, तीही निजली.

"अगं, घर आहे की दवाखाना?" बाबा म्हणाले. मग तिच्या तोंडाकडे पाहून त्यांनी खिशातलं सिगरेटचं पाकीट काढून दिलं.

*

वाढदिवसाला तिने कुणालाही बोलावलं नव्हतं. पण काका तो काका. भर दुपारी नव्या बायकोला घेऊन दारात हजर, हातात केकचं खोकं.

"वहिनी, तोंड का असं? फटाके कुठायत माझे?"

"भिजले. टाकले."

"बघ, राखबाईच्या घरात फटाके टिकतात होय!" तो बायकोला म्हणाला. ती लाजत हसली.

टिकली नवा फ्रॉक घालून टेबलाशी खुर्चीवर उभी राहिली. तिची वेणी आता कमरेपर्यंत आली होती. कुणाच्याच ते ध्यानात आलं नाही, की आलं आणि कुणी बोललं नाही, कोण जाणे. आई सुरी आणायला स्वयंपाकघरात वळली. मेणबत्त्या तिने खोक्यातून आधीच काढून घेतल्या होत्या, त्यामुळे ती निश्चिंत होती.

काकाच्या खिशात जास्तीची एक होती.

काडी ओढल्याचा आवाज तिला पाठीमागून आला.

ती वळली.

काकाच्या बोटांत ज्योत होती. टिकली तिच्याकडे पाहत होती, ओठ विलग करून, भूक लागलेल्या बाळासारखी.

खिडक्या बंद होत्या. पंखा बंद होता.

टिकलीच्या पाठीवरची वेणी हलली. खांद्यावरून पुढे आली. तिचं टोक, उलट्या गाठीचं टोक, हळूच उचललं गेलं आणि ज्योतीकडे वळलं.

आईने पंजाने ज्योत चुरडली.

जळलेल्या काडीचा धूर टेबलावर तरंगत राहिला. नव्या जावेने टिकलीच्या वेणीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि पर्स घट्ट धरली.

"चुकलं माझं, वहिनी," काका एवढंच म्हणाला. काय चुकलं ते त्याने विचारलं नाही.

पाहुणे गेल्यावर आईने तळहाताला मलम लावलं आणि टिकलीची गादी उचलली. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीतून ती मागच्या खोलीत नेली. कपाटाशेजारी, जिथे ऊन येत नाही, भिंतीत वायर नाही, तिथे अंथरली. चादर कोरडी आहे ना, हे दोनदा हात फिरवून पाहिलं. टिकली येऊन निमूट आडवी झाली. तिला विचारावं लागलं नाही, सांगावं लागलं नाही.

"आई, मला निजव."

"अजून उजेड आहे, राजा. निजायची वेळ नाही झालेली."

"तू निजवलंस की मी उठत नाही," टिकली कुजबुजली. "मग कुणाला चटका नाही बसत."

आईने तिच्या कपाळावर ओठ टेकले. कपाळ गार होतं, पत्र्यासारखं. ती शेजारी बसली आणि थोपटत गुणगुणायला लागली, आवाज फुटू न देता, बराच वेळ. टिकलीच्या पापण्या मिटल्या. वेणी उशीवर गुंडाळी करून पडली. एका क्षणी आईला वाटलं की खोलीत आणखी कुणीतरी तोच सूर धरलाय, पण ती थांबली तेव्हा सगळं शांत होतं.

ती पावलं न वाजवता बाहेर आली. दार ओढून घेतलं. बाहेरच्या खोलीत बाबा मेणबत्ती नसलेला केक बशीत कापत होते. त्यांनी वर पाहिलं.

"निजली?"

"निजली."

आपण दाराला कुलूप लावलंय, हे तिला हातात किल्ली दिसल्यावर कळलं. तिने ती काढून फेकली नाही. नेहमीच्या जागी, गळ्यातल्या साखळीत अडकवली.

छातीला टेकली तेव्हा ती ऊन होती, अंगाएवढी.